रजस्वलेचे नियम व शौचविधि : वैद्यकग्रंथांतील दोन प्रवाह

जुन्या पोथ्यांचा संग्रह करणारांच्या हातीं वैद्यकाचीं सुटीं पानें वारंवार येतात. ज्वर, अतिसार, सर्पविष यांचें पान असलें तर तें जपून लावून ठेवण्यांत येतें. स्त्रीरोगाचें किंवा रजस्वलेच्या नियमांचें पान असलें तर संग्राहक तें संकोचानें रुमालाच्या तळाशीं सारतो. हा संकोच पंडितांच्या घरींही होताच. शारीरस्थानाचा पाठ चालू असतां हा भाग आला कीं गुरुजी चार पानें एकदम उलटीत, व शिष्यही कां म्हणून विचारीत नसत. परिणाम असा झाला कीं, स्त्रियांच्या गुह्यांगाच्या शौचासंबंधीं आपल्या ग्रंथांत नेमकें काय आहे हें न वाचतांच ‘शास्त्रांत असें आहे’ म्हणून सांगण्याची वहिवाट पडली. प्रस्तुत निबंधांत आम्हांस एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, या विषयावरचें लेखन एकजिनसी नाहीं. त्यांत दोन प्रवाह आहेत. एक वेदांतून व धर्मशास्त्रांतून आलेला, तो तीन दिवस पाण्यापासून दूर राहावयास सांगतो. दुसरा वैद्यांच्या स्वतःच्या पाहणींतून आलेला, तो न धुतल्यानें रोग होतो असें सांगतो. दोन्ही एकाच संहितेच्या पुठ्ठ्यांत बांधले गेल्यामुळें पहिल्याला दुसऱ्याचें प्रामाण्य मिळालें.

पहिल्या प्रवाहाचें मूळ तैत्तिरीय संहितेच्या दुसऱ्या कांडांत, पांचव्या प्रपाठकाच्या आरंभीं सांपडतें. इंद्रानें त्वष्ट्याचा पुत्र विश्वरूप यास मारलें, त्या ब्रह्महत्येचा एकतृतीयांश पृथ्वीनें, एकतृतीयांश वृक्षांनीं व उरलेला स्त्रियांनीं वर मागून घेतला, अशी ती कथा. स्त्रियांच्या वांट्यास आलेला अंश म्हणजे रज. ऋतुमतीला तेथें ‘मलवद्वासस्’, म्हणजे जिचें वस्त्र मळलें आहे ती, असा शब्द आहे. पुढें तिनें काय केलें असतां होणारें मूल कसें निपजतें याची यादी दिली आहे. स्नान केलें तर मूल पाण्यांत मरणारें, अभ्यंग केला तर त्वचेचा विकार असलेलें, केंस विंचरले तर टकलें, काजळ घातलें तर काणें, दांत घांसले तर काळ्या दांतांचें, नखें काढलीं तर कुनखी, सूत कातलें तर क्लीब, दोर वळला तर गळफांस घेणारें, पानानें पाणी प्यालें तर वेडें, खुज्या भांड्यानें प्यालें तर खुजें. म्हणून तीन रात्रीं व्रत पाळावें, ओंजळीनें प्यावें किंवा खुजें नसलेल्या भांड्यानें प्यावें.

आतां ही यादी समोर ठेवून सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानाचा दुसरा अध्याय वाचावा. तेथें धन्वंतरीच्या मुखानें तेच नियम येतात. दिवसा झोंप, अंजन, रडणें, स्नान व उटी, तेलाचा अभ्यंग, नखें काढणें, धांवणें, हंसणें, फार बोलणें, मोठा आवाज ऐकणें, अवलेखन, वारा व श्रम हे वर्ज्य. आणि प्रत्येकाचें फळ होणाऱ्या मुलास. नखें काढल्यास कुनखी, अवलेखनानें खलति म्हणजे टकला, हे शब्दसुद्धां श्रुतींतलेच. श्रुतींतला दुश्चर्मा येथें कुष्ठी झाला आहे, काणा होता तो अंधळा झाला आहे. पण खरी गंमत दांतांची. श्रुतींत दांत घांसल्यानें मूल काळ्या दांतांचें होतें, त्यांत कारण व कार्य यांचा निदान एक भोळा संबंध तरी आहे. सुश्रुतांत काळे दांत कायम राहिले, त्यांच्या जोडीला काळे ओठ, टाळू व जीभही आली, परंतु कारण म्हणून दांत घांसणें जाऊन तेथें हंसणें येऊन बसलें! कार्य तसेंच ठेवून कारण बदलावयाचें, ही गोष्ट रोग्याची नाडी पाहून सुचणारी नव्हे. पाठ ऐकून पुढें सांगतांना मध्येंच एक दुवा निसटला कीं असें होतें. वैद्यानें हा भाग अनुभवानें मिळविलेला नसून याज्ञिकाच्या परंपरेंतून घेतला आहे, याचा यापेक्षां चांगला पुरावा आम्हांस माहीत नाहीं.

उलट दिशेचा फरकही आहे. श्रुतींत पानानें पिण्याचा स्पष्ट निषेध. सुश्रुत मात्र तळहात, परळ व पान यांपैकीं कशांतही हविष्यान्न खाण्यास मोकळीक देतो. म्हणजे आधार एकच असला तरी वैद्यांची शाखा आपल्या मतीप्रमाणें त्यांत फिरवाफिरव करीत होती.

चरकाच्या जातिसूत्रीय अध्यायांत (शारीर, ८) मुलाच्या व्यंगांची यादी मुळींच नाहीं. तीन रात्रीं ब्रह्मचर्य, जमिनीवर निजणें, न फुटलेल्या भांड्यांतून हातानें जेवणें, आणि कोणतीही ‘मृजा’ न करणें, एवढेंच तेथें सांगितलें आहे. मृजा म्हणजे अंग चोळून स्वच्छ करणें. ‘अजर्जर’ पात्र हें श्रुतींतील ‘अखर्व’ पात्राचें भावंड उघडच दिसतें. वाग्भटानें अष्टांगहृदयाच्या शारीरस्थानाच्या पहिल्या अध्यायांत मृजेचा निषेध ठेवला, पान व परळ ठेवले, पण दुधांतलें जवाचें अन्न थोडें खावें असें सांगतांना कोठा शुद्ध होतो व शरीर हलकें होतें असें वैद्यकी कारण जोडलें. आपण वैद्य आहों याची आठवण त्याला झाली असावी. चवथ्या दिवशीं डोक्यावरून स्नान व शुभ्र वस्त्र हें सर्वत्र समान आहे.

या सर्व नियमांचा लाभ कोणासाठीं आहे, हा प्रश्न विचारल्यावांचून आम्हांस पुढें जातां येत नाहीं. यादींतलें एकही फळ त्या स्त्रीच्या शरीराविषयीं नाहीं. तिला खाज सुटेल, ठणका लागेल, दुर्गंधि येईल, यांतलें अक्षरही नाहीं. सर्व चिंता पुढें होणाऱ्या पुत्राची. ज्या नियमांत स्त्रीच्या प्रकृतीचा विचारच नाहीं ते तिच्या आरोग्याचे नियम म्हणून घरोघर सांगितले गेले, आणि उन्हाळ्यांत माजघराच्या कोपऱ्यांत तीन दिवस न धुतां बसलेल्या मुलींनीं त्याची किंमत दिली. ही रीत अजून सर्वत्र संपलेली नाहीं, म्हणून हा पाठभेदाचा विचार केवळ पंडिती करमणूक नव्हे.

आतां दुसरा प्रवाह. चरकाच्या सूत्रस्थानांत, मात्राशितीय नांवाच्या पांचव्या अध्यायांत, दिनचर्या आहे. तेथें पाय व मलमार्ग हे वारंवार स्वच्छ ठेवावे, त्यानें मेधा, पावित्र्य व आयुष्य वाढतें, असें म्हटलें आहे. स्त्री किंवा पुरुष असा भेद तेथें केलेला नाहीं. वाग्भटाच्या दिनचर्येंतही पाय व मलद्वारें निर्मळ ठेवण्याचा उल्लेख आहे. ही द्वारें किती, हें सुश्रुत शारीराच्या पांचव्या अध्यायांत सांगतो : कान, डोळे, तोंड, नाक, गुद व मेढ्र मिळून बाहेर उघडणारीं नऊ, आणि स्त्रियांस आणखी तीन, दोन स्तनांचीं व एक खालीं रक्त वाहणारें. हीं दोन वचनें शेजारीं ठेवलीं म्हणजे रोजच्या शौचांतून हें तिसरें द्वार वगळण्यास वैद्यकांत कांहीं आधार उरत नाहीं.

धर्मशास्त्राचें रोजचें शौच पाणी व माती यांचें आहे. मनूच्या पांचव्या अध्यायांत कोठें किती वेळां माती लावावी याचे आंकडे आहेत : लिंगास एकदां, गुदास तीनदां, डाव्या हातास दहा वेळां, दोन्ही हातांस सात वेळां. स्त्रियांस याच्या निम्में पुरे, असें निबंधकार सांगतात. हा हिशेब पुरुषासाठीं मांडून मग स्त्रीसाठीं अर्धा केलेला आहे. तिच्या शरीराचा वेगळा विचार करून केलेला नाहीं. त्याच अध्यायांत दुर्गंध व लेप जाईपर्यंत माती व पाणी वापरावें, असा जो सामान्य नियम आहे तो आम्हांस अधिक शहाणपणाचा वाटतो. आंकडे मोजण्यापेक्षां घाण गेली कीं नाहीं हें पाहणें बरें.

या प्रवाहाचा मुख्य पुरावा मात्र योनिव्यापदांच्या प्रकरणांत आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानाचा तिसावा अध्याय, सुश्रुताच्या उत्तरतंत्राचा अडतिसावा, व अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानाचे तेहतिसावा व चौतिसावा हे त्याचे मुख्य आधार. व्यापदांची संख्या सर्वत्र वीस आहे, पण विभागणी वेगळी : चरकांत दोषांप्रमाणें चार व इतर सोळा, सुश्रुतांत वात, पित्त, कफ व सन्निपात यांच्या पांच पांच. या विसांत चरकानें ‘अचरणा’ म्हणून जी सांगितली आहे तिचें कारण ‘अधावन’, म्हणजे न धुणें, असें स्पष्ट दिलें आहे. न धुतल्यानें तेथें जंतु उत्पन्न होतात व ते कंडू उत्पन्न करतात. ज्या संहितेनें शारीरस्थानांत मृजा नको म्हटलें तीच चिकित्सास्थानांत अधावन हें रोगाचें कारण म्हणून सांगते!

हा विरोध कसा उलगडावा? आमच्या मतें येथें दोन हात आहेत. चिकित्सास्थानांतील सतरा अध्याय, तसेंच कल्प व सिद्धि हीं दोन स्थानें, पंचनदपुरच्या दृढबलानें इतर तंत्रांतून वेंचून पुरीं केलीं, हें संहितेंतच नमूद आहे. योनिव्यापदांचा अध्याय या सतरांत मोडतो. अचरणेचें नांव मात्र सूत्रस्थानाच्या एकोणिसाव्या अध्यायांतील गणनेंत आधींपासून आहे. तेथें कारण दिलेलें नाहीं. म्हणजे नांव जुनें, आणि अधावनाचें कारण आज उपलब्ध पाठांत दृढबलाच्या लेखणीनें आलेलें. त्यानें तें कोणत्या स्त्रीरोगतंत्रांतून उचललें तें तंत्र आज नाहीं; पण तें लिहिणारा स्त्रियांची तक्रार ऐकून घेणारा कोणी असला पाहिजे. सुश्रुतानें अचरणा या नांवाचा अर्थ मैथुनाशीं जोडून अगदीं निराळा केला आहे व धुण्याचा प्रश्न त्यांत नाहीं. वाग्भटानें रोग ठेवला, अधावन हें कारणही ठेवलें, परंतु नांव ‘विप्लुता’ असें दिलें. पोथी लावतांना केवळ रोगाच्या नांवावरून ती चरकाची कीं वाग्भटाची हें ठरवूं नये, हें यावरून संग्राहकांच्या लक्षांत येईल.

उपचारांत धावन, परिषेक, पिचु, वर्ति, कल्क व धूपन यांची रेलचेल आहे. पिचु म्हणजे तेलांत भिजविलेला कापसाचा बोळा. दुर्गंधि व बुळबुळीत स्रावावर सुश्रुत राजवृक्षादि म्हणजे बाहवा वगैरेंच्या काढ्यानें धावन सांगतो. गुळवेल, त्रिफळा व दंती यांच्या काढ्याच्या धारेनें धुण्याचा योग उत्तरकालीन संग्रहग्रंथांत वरचेवर भेटतो. वड, उंबर, पिंपळ, पारोसा पिंपळ व पायर या पांच सालींचा तुरट काढा तर व्रणाच्या प्रकरणांतून इकडे व इकडून तिकडे सारखा फिरत असतो.

हे योग पाहून हल्लीं कित्येक जण असें प्रतिपादितात कीं, काढ्यांनीं आंतून धुणें ही आपल्या पूर्वजांची रोजची चाल होती, म्हणून तें नित्य करावें. हें प्रकरण न पाहतां वाक्य उचलण्याचें फळ होय. हे सर्व योग चिकित्सेच्या अध्यायांत आहेत, दिनचर्येच्या नव्हेत. रोग ठरला, दोष ठरला, मग वैद्यानें योजावयाचे. दिनचर्येंत फक्त मलमार्गांचें शौच आहे व तें बाहेरचें. यांत एक शब्दाचीही अडचण आहे. सुश्रुतानें योनि शंखाच्या नाभीसारखी, तीन आवर्तांची व तिसऱ्या आवर्तांत गर्भशय्या असलेली अशी वर्णिली आहे. म्हणजे तो एकच शब्द बाह्य द्वारापासून आंतल्या मार्गापर्यंत सर्वांस लागतो. ‘योनि धुवावी’ असें वाचतांना कोणता आवर्त अभिप्रेत आहे हें प्रकरणावरूनच ठरवावें लागतें, कोशावरून नव्हे.

आधुनिक वैद्यक या बाबतींत स्पष्ट आहे. १८९२ सालीं ड्योडरलाइन या जर्मन स्त्रीरोगवैद्यानें निरोगी मार्गांत राहणाऱ्या दंडाकृति जंतूंचें वर्णन केलें. हे जंतु दुग्धाम्ल तयार करतात, त्यामुळें प्रजननक्षम वयांतील निरोगी स्त्रीच्या योनिमार्गांत आम्लता टिकते (सामू सुमारें ३.८ ते ४.५), व रोगजंतूंना तेथें थारा मिळत नाहीं. आंतला मार्ग आपली स्वच्छता आपणच करतो. बाहेरून साध्या पाण्यानें धुणें, पुढून मागें पुसणें, अंग कोरडें ठेवणें, सुती वस्त्र वापरणें, पाळींत घडी वेळच्या वेळीं बदलणें, एवढें पुरतें. पिचकारीनें आंतून धुण्याची संवय ते उपकारक जंतु उधळून लावते व अशा स्त्रियांत जंतुदोषाचें प्रमाण अधिक आढळतें. खाज, दुर्गंधि किंवा वेगळ्या रंगाचा स्राव असल्यास वैद्याकडे जावें. अचरणेचें वर्णन लिहिणाऱ्यानें जंतूंचे मित्र व शत्रु असे दोन वर्ग केले नव्हते. सूक्ष्मदर्शकाशिवाय तें शक्यही नव्हतें. त्याचे जंतु म्हणजे आजचे जंतु असें म्हणण्याचा मोहही आवरावा. पण अस्वच्छता, जंतु व कंडू हा क्रम त्यानें लावला, आणि दोष इंद्राच्या पातकाकडे न देतां न धुण्याकडे दिला, एवढें त्याचें श्रेय त्यास द्यावें.

महाराष्ट्रांत हे दोन प्रवाह समोरासमोर आले ते तेराव्या शतकांत. महानुभाव संप्रदायाच्या वाङ्मयांत चक्रधरांचें या विषयावरचें मत आलें आहे. नाकांतून शेंबूड येतो, डोळ्यांत चिपड येतें, कानांत मळ होतो, तसाच हा एक स्राव. त्याचा विटाळ धरूं नये, असा त्याचा भावार्थ. शरीराच्या नऊ द्वारांचा सुश्रुतोक्त विचार व हा विचार यांत किती जवळीक आहे पाहावें. चक्रधरांनीं संहिता पाहिल्या होत्या असें आमचें म्हणणें नाहीं. शरीराकडे सरळ दृष्टीनें पाहणारास तीच गोष्ट दिसते, इतकेंच. या पोथ्या सकळा लिपींत दीर्घकाळ बंद राहिल्यानें हा विचार पंथाबाहेर फारसा गेला नाहीं. घरोघर गेली ती ऋषिपंचमी. तिच्या कथेंत ब्रह्महत्येचे वांटे तीनांऐवजीं चार झाले आहेत, अग्नि, नदी, पर्वत व स्त्री. आणि ऋतुकालीं नकळत झालेल्या स्पर्शदोषाचें क्षालन म्हणून आघाड्याच्या काड्यांनीं दांत घांसून स्नान करावयाचें आहे. श्रुतीनें ज्या दोन गोष्टी त्या तीन दिवसांत वर्ज्य केल्या, दंतधावन व स्नान, त्याच येथें वर्षांतून एकदां प्रायश्चित्त म्हणून परत आल्या आहेत!

तंजावरच्या मराठी राज्यांत अठराव्या शतकांत त्र्यंबक यज्वा यानें ‘स्त्रीधर्मपद्धति’ हा संस्कृत निबंध रचला. त्यांत स्त्रियांचें पहाटेपासूनचें शौच, दंतधावन, स्नान यांचा क्रम व रजस्वलाधर्म हीं दोन्ही प्रकरणें आहेत. १९८९ सालीं ज्युलिया लेस्ली या इंग्रज विदुषीनें त्यावर सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्र्यंबकानें रजस्वलेसाठीं श्रुतीचा आधार घेतला, दृढबलाचा नव्हे. धर्मनिबंधकाराकडून तशी अपेक्षाही करूं नये. पण त्याच्या काळीं शेजारच्या वैद्याच्या फडताळांत अधावनाचें वचन पडून होतें, हें विसरतां येत नाहीं.

बाळंतिणीच्या बाबतींत मात्र विटाळ मानूनही पाणी कोणी तोडलें नाहीं. चरक तिला दोन्ही वेळां ऊन पाण्यानें परिषेक सांगतो व पोटास वस्त्र गुंडाळावयास सांगतो. नेपाळांत हेमराज शर्मा यांस मिळालेल्या व १९३८ सालीं छापून निघालेल्या काश्यपसंहितेंत ऊन पाण्याच्या स्नानानंतर कोष्ठ, गुग्गुळ व अगरु तुपांत कालवून धूप देण्यास सांगितलें आहे. आमच्याकडची बाजेखालची शेगडी, तींत टाकलेला ओवा, बाळंतशोपा व लसणाचीं टरफलें, हें त्याच कुळांतलें. धूर कोंडलेल्या खोलींत माता व अर्भक यांस हितकर नाहीं, हें निराळें सांगावयास नको. परंतु रोज ऊन पाण्यानें न्हाऊं घालण्याची चाल बाळंतिणीस लाभली, ऋतुमतीस लाभली नाहीं. तिला अस्पर्श म्हणून पाणीही दुसऱ्यानें वरून ओतावयाचें, आणि लुगड्याच्या जुन्या चिंध्या कोणाच्या दृष्टीस पडूं नयेत म्हणून अंधाऱ्या, दमट जागीं वाळत घालावयाच्या. तैत्तिरीय श्रुतीनें तिला मळलेल्या वस्त्राची म्हटलें. तें वस्त्र उन्हांत वाळवावें असें मात्र आम्ही वर उल्लेखिलेल्या एकाही ग्रंथानें या प्रकरणीं सांगितलेलें नाहीं. जें सर्वांत उपयोगी पडलें असतें तेंच लिहावयाचें राहिलें. आनंदीबाई जोशी यांनीं १८८६ सालीं फिलाडेल्फियाच्या स्त्रीवैद्यक महाविद्यालयांत आपल्या प्रबंधासाठीं आर्य हिंदूंचें प्रसूतिशास्त्र हाच विषय घेतला. संहितांचीं हीं पानें स्त्रीवैद्याच्या नजरेखालून जाण्यास तेव्हांपासून आरंभ झाला असें म्हणतां येईल.

संग्राहकांस एक सूचना करावीशी वाटते. रजस्वलानियमांचें सुटें पान हातीं आलें, मग तें बाळबोध असो कीं मोडी, तर तें तळाशीं न सारतां त्यांत तीन ठिकाणें पाहावीं. काळे दांत दांत घांसल्यानें होतात कीं हंसण्यानें? पहिलें असेल तर तें पान श्रुतीच्या शाखेचें, दुसरें असेल तर सुश्रुताच्या. पानावर खाणें-पिणें वर्ज्य आहे कीं विहित? याचाही निर्णय तसाच लागेल. तिसरें ठिकाण अवलेखनाचें. श्रुतींत ‘प्रलिखते’ म्हणजे विंचरते, सुश्रुतांत ‘अवलेखन’, आणि सोळाव्या शतकांतील भावमिश्राच्या भावप्रकाशांत, सुश्रुताची यादी पद्यांत घोळतांना, ‘भूमिखनन’ हा नवाच निषेध उगवतो. अवलेखन म्हणजे फणीनें केंस विंचरणें हें विसरून कोणी तें जमीन उकरणें असें समजला, आणि तेव्हांपासून ऋतुमतीस माती खणण्याचीही बंदी झाली, असें आमचें अनुमान आहे. भावप्रकाशापूर्वींच्या एखाद्या लिखित पानांत हें भूमिखनन आढळल्यास तें पान या पत्रिकेकडे अवश्य पाठवावें. त्यावरून ती चूक भावमिश्राची कीं त्याच्या आधीच्या लेखकाची हें ठरेल.